पंगतीतला पहिला घास

आमच्या खानावळीत मेनूकार्ड नव्हतं, टेबल-खुर्च्या नव्हत्या आणि माझा स्वभावही काही फार गोड नव्हता. तरी अठरा वर्षं लोक येत राहिले. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीहून धरणाकडे जाताना डाव्या हाताला एक तलाव लागतो. त्या तलावाच्या पाळीला लागून आमचा कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, लांब मांडव होता. दुपारी एक वाजता पंगत बसायची. सव्वा वाजता आलेल्याला उरलं तर मिळायचं, नाहीतर तलावाकडे बघत बसावं लागायचं.

कल्पना माझी नव्हती. आमचे मिस्टर एसटीत ड्रायव्हर. एकदा सहलीची गाडी घेऊन ते कोकणात गेले आणि समुद्राच्या काठावर एका घरगुती खानावळीत जेवले. परत आल्यावर समुद्राबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आठ दिवस फक्त त्या जेवणाबद्दल बोलले. एक लांबच लांब बाक, दोन्ही बाजूंनी ओळखीचे-अनोळखी सगळे एकत्र बसलेले, मधे मोठाली पातेली, आणि शेजारचा माणूस 'घ्या हो' म्हणत वाढतोय. "कुंदा, आपल्याकडे समुद्र नाई, पण तलाव तं हाये न," असं म्हणून ते माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. कल्पना त्यांची, रांधायचं मी. संसार असाच असतो.

बाहेरच्यांना हे काम सोपं वाटतं. हॉटेलवाल्याला बरं असतं, मागेल तसं करून द्यायचं. आमच्याकडे सगळ्यांना एकच. समोरासमोर दोन पट्ट्या अंथरायच्या, मधे गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, माशाचं कालवण, वरण, भात, टोपलीत ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी, कांदा. तिखट एकाला चालतं, एकाला नाही, आणि गंज तर एकच. त्यामुळे हात चुकला की सगळ्यांचं चुकतं. नियम दोन होते. पहिला असा, की आपल्या ताटात आपण वाढून घ्यायचं नाही. शेजाऱ्याने वाढायचं. त्यामुळे भुकेला माणूस शेजाऱ्याशी आपोआप गोड बोलतो.

दुसरा नियम मुद्दाम केलेला नव्हता. सुरुवातीच्या महिन्यात एका पाहुण्याने चेष्टेने विचारलं होतं, "ताई, तुमच्या हातचं तुम्ही स्वतः खाता का?" मी तिथेच पंगतीच्या टोकाला ताट घेऊन बसले, सगळ्यांसमोर घास खाल्ला आणि म्हणाले, "जेवा आता." दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. पुढे ती रीतच पडली. माझा पहिला घास झाल्याशिवाय पंगतीतला कुणी हात लावत नसे. लोक त्याचे फोटो काढायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

माणसंही नमुनेदार यायची. कोकणातून वर्ध्याला बदलून आलेलं एक जोडपं होतं. त्यातले गृहस्थ घास घेण्याआधीच म्हणाले, "तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो." त्यांच्या शेजारी आमच्या गावचे एक अडाणी पण खट म्हातारे बसलेले. ते म्हणाले, "समुद्राच्याले मिठाचा येत असन." पुढे ते जोडपं दर महिन्याला यायचं, आणि येताना त्या म्हाताऱ्यासाठी तंबाखू आणायचं. आणखी एक बाई आठवतात. हात धुऊन बसल्या, आज कोणता मासा आहे ते विचारून घेतलं, मग अगदी हळू आवाजात माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "अगं बाई, आज माझा उपास." मी म्हटलं, "आत्ता तं मासा इचारून राह्यल्या होत्या." त्यांना मी दोन केळी दिली. त्या दिवशी पंगतीत सगळ्यात सावकाश जेवल्या असतील तर त्याच. अशा गोष्टींचा मला राग यायचा, पण रागाने भाकर करपते, म्हणून मी तो गिळायला शिकले होते.

हे सगळं मी चार लोकांत हसत हसत सांगत आले आहे. आता जे लिहिणार आहे ते कुणालाच सांगितलेलं नाही.

मासे आम्हाला सुखदेवभाऊ द्यायचे. तलावाचा ठेका गावातल्या मासेमारांकडे सामायिक होता आणि त्यांत सुखदेवभाऊ सगळ्यात जुने. सकाळी नऊला ओल्या गोणपाटात गुंडाळलेले मासे घेऊन यायचे. कल्ला उचलून लाल रंग दाखवायचे. मी बोटाने अंग दाबून बघायची. दाबलेलं लगेच वर आलं की मासा ताजा. एवढ्यातच आमचं बोलणं संपायचं. मग ते चिंचेखाली बसून जाळ्याची भोकं शिवायचे आणि माझी कामं उरकून मी गोणपाट धुऊन दिलं की जायचे. पंधरा वर्षांत त्यांनी एकदाही शिळा मासा दिला नाही. एकदा तर मीच घेते म्हणत असताना त्यांनी चार मासे परत नेले. म्हणाले, "हे नका घेऊ बाई, हे रातच्या जाळ्यातले हायेत."

वैशाखातली गोष्ट. त्या आठवड्यात गावात वातावरण बरं नव्हतं. तलावाच्या खालच्या अंगाला नाला आहे. उन्हाळ्यात त्यात डबकी उरतात. कुणीतरी फुकटच्या माशांसाठी एका डबक्यात कपाशीवर फवारायचं औषध ओतलं होतं. मासे उलटे होऊन वर आले, आणि ते पाणी पिऊन दोन बकऱ्या मेल्या. कुणी ओतलं ते कळलं नाही. जो तो दुसऱ्याकडे बघायचा. तलाव वर, नाला खाली, त्यामुळे तलावाच्या पाण्याला धोका नव्हता. पण मिस्टर मला म्हणाले, "आठ दिवस मासा बंद ठेव. वांग्याची भाजी खाऊ घाल लोकायले." मी ऐकलं नाही. रविवारची सव्वीस माणसांची पंगत ठरलेली होती आणि ते सगळे माशासाठीच येणार होते.

ती मंडळी वर्ध्याची. रोज सकाळी सोबत फिरायला जाणाऱ्यांचा त्यांचा गट होता आणि त्या दिवशी बायकापोरांसह निघाले होते. म्होरके म्हणजे वानखडे सर, निवृत्त हेडमास्तर. एक वाजता येणार होते, ते उन्हाला कंटाळून सव्वाअकरालाच आले. सर म्हणाले, "ताई, पोरं भुकेजली. बारा वाजता बसवाल का?" माझी जाऊ वंदना लग्नाला गेलेली. मासे साफ करायला मी एकटी आणि मासे नऊ, एकेक किलो-सव्वा किलोचा. नाही म्हणायला पाहिजे होतं. पण मला नाही म्हणणं म्हणजे हार वाटायची. मी म्हटलं, "बसा, बाराच्या ठोक्याले वाढतो."

आणि वाढलंही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला वाढलं, हसणं-खिदळणं झालं. मी टोकाला बसले. भात कालवला, माशाचा तुकडा मोडला आणि घास घेतला.

कडू.

मिठाचा-हळदीचा कडवटपणा नव्हे. जिभेच्या मागच्या बाजूला धरून बसणारा, काही केल्या न उतरणारा कडू. मला समोर नाल्यातल्या उलट्या झालेल्या मासोळ्या दिसल्या. तोंडातला घास मी हातात काढला आणि ओरडले, "थांबा! कोणी तोंडात घालू नका!"

सगळे हात जागच्या जागी थांबले. मग सरांच्या बायकोचा आवाज आला, "व माय, पिहूले तं मी मघाच भरवलं." पिहू म्हणजे त्यांची पाच वर्षांची नात. भूक लागली म्हणून रडत होती, तेव्हा आजीने कुणाच्या लक्षात न येता तिला चार घास दिले होते. माझ्या पहिल्या घासाच्या आधी.

मग एकच धावपळ उडाली. कुणी मिठाचं पाणी आणलं. पोरीच्या आईने तिच्या घशात बोट घातलं. पोर ओकली आणि ती ओकली म्हणजे विषच, असं सगळ्यांनी धरलं. तिचे आईबाप तिला गाडीत घालून सेलूच्या दवाखान्यात निघाले. मिस्टर पुढे मोटरसायकल घेऊन वाट दाखवायला गेले. बाकीचे मांडवाच्या कडेला उभे राहिले. वाढलेली ताटं तशीच पडली होती आणि माशा घोंगावत होत्या.

वानखडे सरांनी मला विचारलं, "ताई, मासा कुठचा हाये?"

प्रश्न साधा होता. तलावातला, असं मी सांगितलं असतं तरी चाललं असतं. माझी पाचावर धारण बसलेली. मी म्हणाले, "सुखदेवनं आणला." पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या नावापुढचा 'भाऊ' गाळला.

ते चिंचेखालीच होते. चार जण जाऊन त्यांना घेऊन आले. धरून आणलं नाही, पण दोन पुढे, दोन मागे, म्हणजे धरून आणल्यासारखंच. त्यांच्या हातात जाळं शिवायची सुई तशीच होती.

"कारे," सर म्हणाले. सुखदेवभाऊ वयाने त्यांच्याहून मोठे असतील. "खरं सांग. नाल्यातला मेलेला मासा उचलून आणला का?"

"नाई जी. तलावातला हाये. सकायी जित्ता होता."

"मंग कडू काऊन लागून राह्यला?"

"थे मले कसं सांगता येईन जी? मी चाखला नाई."

"चाख मंग," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आज त्याच्यावर ढकलता आलं असतं.

सुखदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी 'नको' म्हणाले नाही. त्यांनी सुई खिशात ठेवली, रांजणाजवळ जाऊन हातपाय धुतले आणि येऊन पट्टीवर बसले. एवढी लांब पट्टी आणि तिच्यावर एकटा माणूस. समोर ताट, समोर गंज. पण त्यांनी गंजाला हात लावला नाही. आमचा नियम त्यांना ठाऊक होता. आपल्या ताटात आपण वाढायचं नाही.

"वाढा," ते म्हणाले.

शेजारी कुणीच नव्हतं. म्हणजे मीच वाढायचं होतं. ज्यात विष आहे असं मला वाटत होतं, त्या गंजात मी पळी घातली आणि एका माणसाच्या ताटात दोन तुकडे वाढले. आपण भल्या बाई आहोत असं मी समजत होते. हे मी लिहू शकते आहे, पण लिहिताना मान खाली जाते.

त्यांनी पहिला घास घेतला. चावताना थोडं थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग गिळला आणि दुसरा घेतला.

मला ते बघवेना. पाणी आणते म्हणून मी मागच्या बाजूला गेले. तिथे मासे साफ करायचा दगड आहे. तुमच्यापैकी ज्यांनी कधी मासा साफ केला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पोट चिरलं की आत यकृताला चिकटून एक हिरवी पिशवी असते, बोराच्या बीएवढी. ते पित्त. सगळं कसब ती अख्खी बाहेर काढण्यात आहे. ती फुटली की हिरवट पाणी जिथे जिथे लागतं तिथलं मांस कडूजहर होतं. एवढ्याशाने कुणाला बाधत नाही, नुसता कडूपणा, पण शिजवूनही जात नाही. फुटली तर फुटली, तेवढा भाग ताबडतोब कापून टाकायचा आणि बाकीचा मासा मिठाने-चिंचेने चोळून धुवायचा. नव्या सुनांच्या हातून नेहमी फुटते. माझ्या हातून फुटत नाही, असं मी लोकांना ऐकवायची. वंदनाच्या हातून दोनदा फुटली होती तेव्हा मी तिला शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं बोलले होते.

दगडावर, मासा हातातून निसटू नये म्हणून घेतलेल्या राखेत, हिरवा-पिवळा डाग होता, हाताच्या तळव्याएवढा.

मग मला आठवलं. पाचवा की सहावा मासा असेल. अंगठ्याला काहीतरी गार लागलं होतं. घाई होती, सर दोनदा येऊन विचारून गेले होते. मी अंगठा पदराला पुसला होता आणि पुढचा मासा घेतला होता. पदर बघितला. डाग होता.

दगडापासून मांडव दहा-बारा पावलांवर. तेवढ्या अंतरात मी ठरवलं, सरळ सांगायचं. पाण्याचा गडवा घेऊन मांडवात आले. सगळे चेहरे माझ्याकडे वळले. सरांच्या बायकोचे डोळे रडून लाल झाले होते. ती मला म्हणाली, "बाई, तुमच्यामुयं वाचलो आम्ही. तुम्ही आधी चाखलं नसतं तं?"



मी गडवा सुखदेवभाऊंच्या ताटाशी ठेवला. त्यांनी ताट संपवलं होतं. बोटं चाटून काटे ताटाच्या कडेला नीट लावून ठेवले होते. मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. माझ्याकडे पाहत म्हणाले, "अजून वाढा."

"बस झालं की," मी म्हणाले.

"नाई, वाढा अजून."

मी वाढलं. ते जेवू लागले, अगदी सावकाश. प्रत्येक घास तोंडात घालण्याआधी थांबायचे. मला वाटलं, या माणसाला राग आलाय आणि तो सगळ्यांना दाखवून देतोय. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. पलीकडे त्यांचा मुलगा होता. सर ऐकत राहिले आणि खाली बसले. म्हणाले, "पिहू चांगली हाये. डॉक्टर म्हणते, काहीच नाई झालं. खेळून राह्यली म्हणते." आजीने जोराने हंबरडा फोडला. सुटका झाल्याचा हंबरडा होता तो. सगळे एकदम बोलायला लागले. मला बोलायला याहून सोपी वेळ मिळणार नव्हती. पोर ठीक, कुणाला काही झालेलं नाही. माझी चूक सांगून टाकली असती तर फार तर हसले असते, फार तर पुन्हा आले नसते.

मी गंजावर झाकण ठेवलं.

सुखदेवभाऊ उठले. हात धुतले आणि सरांना म्हणाले, "मासा चांगला हाये जी. पाणी आटलं का शेवाळ खाते थो. मंग लागते कडू."

माशांबद्दल काही कळणाऱ्या माणसाने हे ऐकलं असतं तर हसला असता. शेवाळाने मासा कडू होत नाही. पण तिथे तसा माणूस मी एकटीच होते.

सरांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. "खबरदारी म्हणून," असं म्हणत त्यांनी मोबाईलवर सुखदेवभाऊंचा फोटो काढला. सुखदेवभाऊ फोटोसाठी सरळ उभे राहिले. शहरातली माणसं तलावाचे, झाडांचे, माझ्या घासाचे फोटो काढायची, तसाच हाही असेल असं त्यांना वाटलं असावं.

संध्याकाळपर्यंत तो फोटो माझ्याच मोबाईलवर आला. आमच्या गावच्या ग्रुपवरून, सेलूच्या एका ग्रुपवरून आणि मिस्टरांच्या निवृत्त ड्रायव्हर मंडळींच्या ग्रुपवरूनही. खाली लिहिलेलं होतं की, या माणसाकडून मासे घेऊ नका. आणि पुढे माझं कौतुक: खानावळीच्या ताईंनी स्वतः आधी घास घेऊन सव्वीस जणांचे प्राण वाचवले, अशी माणसं आज दुर्मीळ आहेत, वगैरे. हात जोडलेली चित्रं, फुलं.

पुढच्या रविवारी माझ्याकडे दोन पंगती बसवाव्या लागल्या. लोक पहिला घास बघायला यायचे. त्या दिवसांत मी वांग्याची भाजी, पाटवडी असं रांधायची आणि कुणी तक्रार करत नव्हतं. उलट 'काळजी घेता हो ताई तुम्ही' म्हणायचे. मी हसून मान डोलवायची. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण दुसऱ्यांबद्दल बोलताना वापरतो. त्या आठवड्यात ती मला दिवसातून दहादा आठवायची.

बाजाराच्या दिवशी सुखदेवभाऊ नेहमीच्या जागी पोतं अंथरून बसले होते असं वंदनाने येऊन सांगितलं. समोर मासे, कल्ले उघडून ठेवलेले, लालभडक. लोक यायचे, तोंडाकडे पाहायचे, मोबाईल काढून पुन्हा तोंडाकडे पाहायचे आणि पुढे जायचे. दुपारी चारला त्यांनी सगळे मासे परत तलावाच्या पाळीवर नेऊन घारींना टाकले. वंदनाने हे सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. हातातली भाकर फाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. सुखदेवभाऊ अंगणात जाळं वाळत घालत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"भाऊ, पित्त फुटलं होतं. माह्या हातून. मले तेव्हाच समजलं होतं."

त्यांनी जाळ्याची गाठ सोडवली. म्हणाले, "मले पहिल्याच घासाले समजलं होतं बाई."

"मंग सांगितलं काऊन नाई तुम्ही? सर्वायच्या समोर सांगाचं होतं न! माहं नाव घ्याचं होतं!"

"मी कायले सांगू? तुमचा सैपाक, तुमची पंगत." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मला तो चढायला हवा होता. "तुम्ही सांगान म्हणून मी वाट पाहून राह्यलो होतो. म्हणून तं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. म्हटलं, बाईले थोडा टाईम भेटन."

एवढ्या सावकाश ते का जेवले, प्रत्येक घासाआधी का थांबले आणि माझ्याकडे का पाहिलं, ते मला तेव्हा कळलं. त्यांना राग आलेला नव्हता. कडूजहर मासा ते माझ्यासाठी खात होते.

"मी आजच सांगतो," मी म्हणाले. "सरायले फोन करतो. ग्रुपवर टाकतो."

"आता कोणाले सांगता बाई?" ते म्हणाले. "पंगत तं उठून गेली न."

मी घरी आले. फोन हातात घेतला. वानखडे सरांचा नंबर समोर होता. आता नाव निघालंय, गिऱ्हाईक वाढलंय, थोडे दिवस जाऊ दे, असं मी स्वतःला सांगितलं. मग आणखी थोडे दिवस. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो आणि ऐकतोही. पावसाळा लागायच्या आत सुखदेवभाऊंनी तलावातला आपला वाटा सोडला. हायवेवरच्या जाम गावच्या चौकात जावई एका धाब्यावर कामाला होता, त्याच्याकडे गेले. तिथे ते बाहेरगावाहून बर्फात घालून आलेले मासे साफ करायचे, असं ऐकलं. मी जामवरून बसने तीनदा गेले. एकदाही उतरले नाही.

त्यानंतर खानावळ तीन वर्षं चालली. गुडघे गेले म्हणून बंद केली, असं मी सगळ्यांना सांगते. गुडघे गेले हे खरं आहे. पण त्या तीन वर्षांत पहिला घास घेताना दरवेळी माझ्या जिभेच्या मागे कडू लागायचं आणि सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत असायचे, हेही खरं आहे. सुखदेवभाऊ गेल्या हिवाळ्यात वारले. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

दिवाळी अंकासाठी खानावळीच्या गमतीजमती लिहा, असं मला सांगण्यात आलं होतं. गमती लिहून झाल्या. आता ज्या कामासाठी हे लिहायला बसले ते. त्या वैशाखातल्या रविवारी माझ्या मांडवात जेवायला बसलेली वर्ध्याची मंडळी, तो फोटो पुढे पाठवलेली मंडळी, त्या बाजारात मासे न घेता पुढे गेलेली मंडळी, यांच्यापैकी कुणाच्या हातात हा अंक पडला तर त्यांनी एवढं वाचावं आणि दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवावं. सुखदेवभाऊंचा मासा ताजा होता. तलावात विष नव्हतं. पित्त माझ्या हातून फुटलं.